मेव्हण्याकडून, दर एक तारखेला

लेक एस्तेर, मिनेसोटा
१९ जानेवारी २०२३

प्रिय ऑरिन,

ड्वेन मंगळवारी पहाटे गेला. रविवारपासून छातीत कफ भरला होता. सोमवारी त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तिथे न्यूमोनिया म्हणाले. मी शेजारी बसले होते. त्याला फार त्रास झाला नाही, असं नर्स म्हणाली आणि मलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेवर सोडून ठेवला, कारण पाइप गोठायच्या बेतात होते. शेजारच्या मेव्हिसला फोन केला. मग शाळेच्या कार्यालयात कळवलं की या आठवड्यात मी कामावर येणार नाही. दुपारी मेव्हिस टर्कीचं सूप घेऊन आली आणि तिनेच त्याची खुर्ची पुसून, चाकं टॉवेलने कोरडी करून आतल्या खोलीत ठेवली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

चर्चमधली प्रार्थना परवा आहे. तेवढ्यासाठी तू यावंस असं मी म्हणत नाही, रस्ते वाईट आहेत. दफन मेमध्ये होईल. जमीन चार फुटांपर्यंत गोठली आहे, तोवर पेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत राहील. आजोबांच्या वेळी राहिली होती तशी.

मी लिहिते आहे ते मेबद्दल. आपल्याकडे अजून पेटी हाताने, दोऱ्यांवर उतरवतात, हे तुला आठवत असेल. सहा माणसं लागतात. नोव्हेंबरात ड्वेनने मला नावं सांगितली होती, तेव्हा तो बरा होता. पाच नावं शाळेच्या बस गॅरेजमधल्या लोकांची. सहावं तुझं.

मी म्हटलं, "तो नाही यायचा."
तो म्हणाला, "विचार तर. तोंड झिजतं का?"

म्हणून विचारते आहे.

दर नाताळात तुझं कार्ड येतं, त्यावरून पत्ता घेतला. त्यावर तू नुसतं नाव लिहितोस. मीही तुला तसंच पाठवते, त्यामुळे तक्रार नाही.

अर्लिस


११ फेब्रुवारी

प्रिय ऑरिन,

धुरी दिलेल्या सॅमन माशाचा डबा पोचला. सोबतच्या कार्डावर तू काही लिहिलं नाहीस, पण डबा चांगला बांधला होता. अर्धा मेव्हिसला दिला. ती म्हणाली, "तुझा भाऊ मुका असेल, पण मासा बोलतो."

इथे सगळं ठीक आहे. मी कामावर जाते. घरी आल्यावर पहिला अर्धा तास काय करायचं ते कळत नाही, कारण त्या वेळेला त्याचे पाय हलवून द्यायचे असत. मग चूल पेटवते. पेटवायला कागद भरपूर आहेत. ड्वेनचं नाव वर्तमानपत्रात आल्यापासून कुठल्या कुठल्या कंपन्यांची पाकिटं येताहेत. 'तुमचे उरलेले हप्ते आम्हाला विका, रोख पैसे आजच घ्या.' चांगला जाड कागद असतो, नीट पेटतो.

अपघाताच्या भरपाईचे हप्ते मार्च २०२४ पर्यंत येतील. ते कसं ठरलं हे तुला कधी कळलंच नसेल, कारण तोवर तू ऑरेगॉनला गेला होतास. म्हणून सांगते.

आमच्या वकिलाच्या कचेरीत करड्या कोटातला एक माणूस आला होता. त्याने दोन रस्ते सांगितले. सगळी रक्कम एकदम घ्या, नाहीतर तीच रक्कम एका आयुर्विमा कंपनीकडे ठेवली जाईल आणि ती दर महिन्याला, ड्वेन जगेल तोवर, पैसे देईल. तो लवकर गेला तरी निदान वीस वर्षं पुरी होईपर्यंत घरच्यांना देत राहील. ड्वेनने विचार करायला वेळही घेतला नाही. म्हणाला, "ढीग नको. ढीग लागला की माणसं बघायला येतात."

मग तो माणूस म्हणाला, "कंपनीच्या डॉक्टरांनी कागद पाहिले आहेत. त्यांनी यांचं वय सत्तावन्न धरलंय."

मी म्हटलं, "चौतीस आहे."

"जन्मतारखेनं चौतीस. पण कमरेखालचं अंग गेलेला माणूस जितकी वर्षं काढेल असं त्यांना वाटतं, तितकी सत्तावन्न वर्षांचा धडधाकट माणूस काढतो. हे तुमच्या फायद्याचंच आहे बाई. थोडीच वर्षं पैसे द्यायचे आहेत असं वाटलं की कंपनी महिन्याला जास्त देते."

शाळेचे हिशेब मी कितीतरी वर्षं करत होते, तरी हा हिशेब मला बसून ऐकवेना. ड्वेन मात्र हसायला लागला. "म्हणजे मी सासऱ्यांच्या वयाचा झालो की!"

घरी येताना गाडीत म्हणाला, "खिडकी लाव. वडीलधाऱ्या माणसाला वारा बाधतो."

तेव्हापासून हे सुरू झालं ते थांबलं नाही. मी काही बोलले की म्हणायचा, "मोठ्यांना उलटं बोलू नये, अर्लिस." पास्टरबाई घरी आल्या की त्यांना 'पोरी' म्हणायचा. त्या त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. गेल्या ऑगस्टमध्ये तो त्रेपन्नचा झाला, तर मेव्हिसने केकवर साखरेने शहात्तर लिहिलं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "कंपनीने माझ्यावर पैज लावली आहे. मी रोज सकाळी उठतो ते त्यांना चिडवायला."

मागच्या आठवड्यात त्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. मृत्यूचा दाखला पोचला होता. आवाजावरून अगदी नवी वाटली. म्हणाली, "मॅडम, माझ्यासमोर यांची दोन वयं दिसताहेत. बरोबर कोणतं?"

मी म्हटलं, "दोन्ही."

ती म्हणाली, "बरं, मी दोन्ही ठेवते."

मेबद्दल तू काही कळवलं नाहीस. अजून वेळ आहे.

अर्लिस


१२ मार्च

प्रिय ऑरिन,

तुझा फोन आला त्याचं बरं वाटलं. तिकडे किती पाऊस आहे आणि इकडे किती बर्फ आहे हे आपलं बोलून झालं. मग तू विचारलंस, "मी यावं असं तो म्हणाला, की तू म्हणतेस?" मी म्हटलं, "तो." तू "बरं" म्हणालास आणि आपण फोन ठेवला. मला बोलता येत नाही, तुलाही येत नाही, आईलाही येत नव्हतं. म्हणून हे लिहून पाठवते.

आपण का बोलत नाही हे मेव्हिसने मला परवा विचारलं. मी खरं ते सांगितलं. ड्वेनच्या उपचारासाठी तुझ्या धंद्याच्या विम्यातून पैसे मिळायचे तर तुझ्यावर दावा लावावा लागतो, विमा कंपनीवर लावता येत नाही. वकील म्हणाला, "नाव तुमच्या भावाचं, पैसे कंपनीचे. कागदापुरतं आहे." आणि म्हणाला, "दावा चालू आहे तोवर त्याच्याशी बोलू नका." तुझ्या वकिलानेही तुला तेच सांगितलं असणार. म्हणून आपण बोललो नाही. चर्चमध्ये तू डावीकडे बसायला लागलास. किराणा दुकानात मी तुझा ट्रक दिसला की पुढे निघून जात असे. अडीच वर्षांनी समझोता झाला. पण आता बोला, असं कोणी आपल्याला सांगितलं नाही.

मेव्हिस म्हणाली, "वकिलाने सांगितलं म्हणून एकवीस वर्षं? मी माझ्या नवऱ्याला बूट बाहेर काढ म्हणते, तो एकवीस मिनिटं ऐकत नाही!"

मी तिला म्हटलं की आमच्या घरात सांगितलेलं ऐकतात.

"ऐकता कसले. सोयीचं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

त्यावर मी विचार केला. थोडं तसंही असेल. तर मी थोरली आहे म्हणून सांगते. दावा मार्च २००४ मध्ये संपला. आता बोलायला हरकत नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत.

पहिली. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येत. पहिल्या वेळी ड्वेनने पाकीट हातात धरलं आणि म्हणाला, "बघ, मेव्हण्याकडून आलं." त्या दिवसापासून एक तारखेला आम्ही त्याच्या खुर्चीसकट रस्त्यापलीकडच्या कॅफेत जायचो, कॅरमल रोल खायचो, आणि तो तिथल्या बाईला सांगायचा, "आज मेव्हण्यातर्फे." पुढे पैसे परस्पर बँकेत जायला लागले तरी हे चालू राहिलं. मला सुरुवातीला ते मुळीच आवडायचं नाही. मला तुझा राग होता. तुझा ट्रक त्याच्या अंगावर घसरला त्यासाठी नव्हे. तू धंदा विकलास, घर विकलंस, आणि मला ते बँकेतल्या बाईकडून कळलं, त्यासाठी. मी एकदा ड्वेनला म्हटलंही, "ते पैसे त्याचे नाहीत. विम्याचे आहेत. तो तिकडे तुला विसरलाही असेल."

तो म्हणाला, "असू दे की. सगळे एकदम घेतले असते तर ते त्याच वर्षी संपले असते, आणि ऑरिनचं नाव या घरात कशाला निघालं असतं?"

तेव्हापासून मी काही म्हणाले नाही. मग मलाही सवय झाली. कधी कधी एक तारीख रविवारी आली की कॅफे बंद असे, तेव्हा चुकल्यासारखं वाटायचं.

दुसरी. हे त्याने मला बऱ्याच वेळा सांगितलं आणि तुला सांगायचं राहिलं. तो म्हणायचा, "ब्रेकचं काय घेऊन बसलात? उतारावर उभ्या गाडीच्या मागे थांबायचं नाही, हे मी गॅरेजमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगायचो. आणि मी स्वतः कंबरभर पाण्यात, ट्रकच्या मागे, तळ्यातल्या लाकडी धक्क्याची साखळी अडकवत होतो. ऑरिनने मला तिथे उभं केलं नव्हतं." वकिलाने त्याला बजावलं होतं की हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, दावा पडेल. दावा संपल्यावर तो म्हणाला, "ऑरिन आला की सांगेन." फोनवर सांग असं मी म्हटलं, तर म्हणाला, "समोर सांगायची गोष्ट आहे."

आता मी पत्रात सांगते आहे, त्याला ते पटलं नसतं. पण तू यायच्या आधी तुला हे माहीत असावं असं मला वाटलं.

अर्लिस


२० एप्रिल

प्रिय ऑरिन,

दफन शनिवारी, १३ मेला, सकाळी अकरा वाजता. तळ्यावर अजून बर्फ आहे, पण काठ सुटला आहे, आणि कबर खणणारा म्हणाला की तोवर जमीन मऊ होईल.

पास्टरबाईंनी माझ्याकडून नावं घेतली. पाच सांगून मी थांबले. त्या म्हणाल्या, "सहावं? मेव्हिसच्या नवऱ्याला सांगू का?"

मी म्हटलं, "रिकामं ठेवा."

"अर्लिस, पेटी जड असते. त्या दिवशी ऐन वेळी मी कुठून माणूस आणू?"

"रिकामं ठेवा," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी ठेवलं.

तू येतो म्हणाला नाहीस आणि येत नाही असंही म्हणाला नाहीस. ते मला चालेल. मागची खोली झाडून ठेवली आहे. उशी नवी आहे.

अर्लिस


१४ मे

प्रिय ऑरिन,

काल झालं. पाऊस नव्हता, वारा होता. साठेक माणसं आली. गॅरेजमधल्या लोकांनी कोट घातले होते, त्यामुळे मी दोघांना ओळखलं नाही. नंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी.

शुक्रवारी तू वाटेतल्या माइल्स सिटीच्या मोटेलमधून फोन केलास त्याबद्दल मी सकाळपासून विचार करते आहे. तुमच्या ऑरेगॉनच्या अ‍ॅस्टोरियाहून तिथपर्यंत म्हणजे तू निम्म्याहून जास्त वाट आला होतास. मी म्हटलं, "अजून एक दिवस. रस्ता कोरडा आहे." तू म्हणालास, "गाडीचं काही नाही गं." आणि मग तू जे बोललास ते आपल्या घरात कोणी कधी इतकं बोललं नसेल.

तू म्हणालास, "ब्रेक ओढला होता की नाही, मला आठवत नाही, अर्लिस. त्या दिवसापासून कधीच आठवलं नाही. वकिलाच्या खोलीत साक्ष देताना तू 'नाही' म्हणालीस. तू खोटं बोलत नाहीस. म्हणून मी 'नाही' धरून चाललो."

मी फोनवर गप्प राहिले, त्याचा तू वेगळा अर्थ घेऊ नकोस. मला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ते आता देते. मला विचारलं होतं, "तुम्ही नवऱ्याच्या अंगावरून ट्रक पुढे घ्यायला आत चढलात तेव्हा हातब्रेक ओढलेला होता का?" मी म्हटलं, नाही. तो खाली होता, तेवढं मी पाहिलं. तू ओढला नव्हतास, की ओढलेला सुटला, हे मी पाहिलं नाही आणि मला ते कोणी विचारलंही नाही. समझोत्याच्या कागदावर साफ लिहिलं होतं की चूक कोणाची हे ठरलेलं नाही आणि ठरवलं जाणार नाही, पैसे तेवढे दिले जातील. तेव्हा मला ती वकिलांची पळवाट वाटली होती. आज वाटतं, त्या सगळ्या पानांत तेवढं एक वाक्य खरं होतं.

आणि शेवटी तू म्हणालास, "ती दफनभूमी उतारावर आहे ना? पाच जण घट्ट धरतील, आणि माझ्याच हातून सुटली तर?"

मी म्हटलं, "नाही सुटणार."

तू म्हणालास, "तुला काय माहीत?"

ते बरोबर होतं. मला माहीत नव्हतं. म्हणून मी पुढे आग्रह केला नाही.

काल सहाव्या जागी मी उभी राहिले. पास्टरबाई मेव्हिसच्या नवऱ्याकडे बघत होत्या, तो पुढे येत होता. मेव्हिसने त्याचा कोट मागून धरला आणि म्हणाली, "तू थांब रे. तिचं तिला करू दे." मी पर्स तिच्याकडे दिली आणि दोरी घेतली. माझ्या समोर गॅरेजचा तो लाल दाढीवाला होता. तो हळूच म्हणाला, "पाय रुंद ठेवा, बाई. हातांनी नाही, अंगाने धरा."

वजन खूप होतं. ते मला माहीत असायला हवं होतं, इतकी वर्षं मीच त्याला उचलत होते. पण तेव्हा तोही हाताने आधार द्यायचा.

अर्ध्यावर गेल्यावर माझी दोरी सुटली, ऑरिन. पूर्ण नाही, वीतभर. हातातून सरसरत गेली आणि पेटीचा तो कोपरा खाली झुकला. कोणीतरी "थांबा" म्हणालं. पाचही जण होते तसे थांबले, दोऱ्या ताणून, आणि मी पुन्हा पकड घेईपर्यंत त्यांनी तो तोलून धरला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून पेटी उतरवली. ती सरळ बसली.

लाल दाढीवाला नंतर म्हणाला की त्याच्याही हातून दर वेळी थोडी सुटते, मातीचा उतार आहे. तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. तुला हे कळवावं असं मला तिथेच वाटलं.

उजव्या तळव्याचं कातडं सोलवटलं आहे, म्हणून अक्षर असं आहे.

तिथूनच मागे फिरून तू आता घरी पोचला असशील. मी नाराज नाही. हप्ते पुढच्या मार्चमध्ये थांबतील. त्यानंतर एक तारखेला तू फोन केलास तर मी घरी असते. हवामानाबद्दल बोललास तरी चालेल.

मध्येच लिहायचं थांबवून मी ठेवणीतल्या जाळीच्या खिडक्या बाहेर काढल्या. यंदा उशीर झाला, माश्या यायला लागल्या आहेत. थंडीच्या काचा उतरवायच्या आणि जाळ्या बसवायच्या, हे काम दोघांचं आहे, एकाने खालून धरावं लागतं. डाव्या हाताने आणि खांद्याने धरून स्वयंपाकघराची एक बसवली. थोडी तिरकी आहे पण लागते. आता शिडी पुढच्या खिडकीखाली नेते.

अर्लिस